भिवाची जीभ

नांदखारात पेरणी पंचांगावर होत नसे. भिवाच्या जिभेवर होत असे.

आज हे सांगितलं तर शहाणी माणसं हसतात. हसू देत. ज्यांनी जन्मात कधी चिखलात पाय घातला नाही त्यांना हसायला काय लागतं!

डोंबिवलीपासून खाडीच्या अंगाला तासभर चाललं की नांदखार. चाळीस घरं, सगळी आगऱ्यांची. उन्हाळ्यात मिठागरावर राबायचं, पावसाळ्यात खाजणात भात करायचं. खाजण म्हणजे समुद्राच्या तोंडातून ओढून काढलेली जमीन. मातीचा उंच बांध घालून खाडी बाहेर थोपवायची. बांधाच्या पोटात फळ्यांचं दार, त्याला म्हणायचं उघाडी. पावसाचं पाणी शेतात कोंडायचं, मातीतलं मीठ त्यात उतरू द्यायचं, आणि ओहोटी लागली की उघाडीच्या फळ्या उचलून ते खारट पाणी खाडीत सोडून द्यायचं. असं कधी चारदा, कधी सातदा. मीठ पुरतं निघालं की मोड आलेलं भात चिखलात फेकायचं. घाई केली तर मोड जळतात. उशीर केला तर मोड कुजतात. तेव्हा मीठ गेलं की नाही, एवढं एकच कळायला हवं असायचं, आणि ते कळायचं भिवाला.

आर्द्रा लागल्या की एका सकाळी गाव बांधावर जमायचं. भिवा लंगोटी लावून शेतात उतरायचा, गुडघाभर चिखलात हात घालून मुळाशी असते ती माती काढायचा, चिमूटभर जिभेवर ठेवायचा आणि डोळे मिटायचा. त्या वेळी बांधावर कुणी खोकत नसे. मग भिवा ती माती गिळायचा. गिळायचाच. त्याचा बाप काळुराम त्याला पोरवयात सांगून गेला होता, "चाखलेली माती थुकायची नाय. जिचा खातो तिच्यावर थुकतो काय रं?" काळुरामाने पन्नास वर्षं चाखली आणि गिळली. भिवाने पंचवीस वर्षं. गिळून झालं की भिवा म्हणायचा, "अजून दोन पान्यां," म्हणजे आणखी दोनदा पाणी कोंडून सोडा, नाहीतर म्हणायचा, "भात भिजवा." हे दोन शब्द ऐकले की बायका हसत, खिदळत घराकडे पळायच्या, कारण बियाणं भिजत घालणं हे त्यांचं काम.

त्याची बायको आवडाबाई तेवढी धुसफुसायची. "अवं, थुका ते! पोटात शेत लावताव काय?" दर वर्षी हेच. आणि घरी आल्यावर, "गावाची माती चाखतो ह्यो मानूस, आणि माझ्या आंबट कालवनात मीठ नसला तरी मुकाट जेवतो. कलत नाय का सांगत नाय, देव जाने."

भिवा सांगायचा नाही. घरातलं मीठ हा आवडाबाईचा प्रांत. ती त्याला कधी डाव पुढे करून चव विचारत नसे, तोही कधी बोलत नसे. त्याची जीभ गावाची होती.

काय दिवस होते ते! स्वराज्य नुकतंच आलेलं. खाजणातला तो तांबडा, जाड तांदूळ. भाकरी केली तर दोन दिवस मऊ राहायची. बांधाच्या बिळांत चिंबोऱ्या इतक्या, की बायका भाताला आधण ठेवून चिंबोऱ्या धरायला निघत आणि आधण उकळायच्या आत परत येत. ओहोटीला चिखलात निवट्या, त्या बोटभर चिखलमासोळ्या, टणाटण उड्या मारायच्या. महिपत, भिवाचा शेजारी, वयाने दहा वर्षांनी लहान आणि तोंडाने दहा माणसांचा, म्हणायचा, "भिवादा, या निवट्या बघ. आपल्या गावात सगल्यात कामसू जात हीच." संध्याकाळी बांधावर बसलं की खाडीपलीकडे दिवे लागलेले दिसायचे आणि अलीकडे भाताच्या लोंब्यांचा वास. पोटभर जेवलेली माणसं तशी कमीच होती गावात, पण त्या वासाने पोट भरल्यासारखं व्हायचं.

मग पन्नास साली ओढ्याच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आला. पिवळा रंग करायचे तिथे. दारांना, बैलगाड्यांना, दुकानांच्या पाट्यांना लावायचा तो झकास पिवळा. कारखान्याचं धुतलेलं पाणी ओढ्यात सुटायचं आणि ओढा यायचा नांदखारच्या बांधाशी. ओढ्याला हळदीच्या दिवसासारखा रंग आला. गावातल्या पोरी त्यात पाय बुडवून एकमेकींना नवरी म्हणून चिडवायच्या. इतकं साधं होतं गाव. इतकं साधं, की संताप येतो.

त्रेपन्न सालच्या आर्द्रात भिवा शेतात उतरला. गाव बांधावर. ओढ्याकडच्या कोपऱ्यातली माती त्याने जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. पुन्हा चिमूटभर घेतली. त्याच्या तोंडावर असं काही आलं, की आवडाबाई खाली उतरायला निघाली.

"काय झाला, भिवादा? विंचू चावला काय जिभेला?" महिपत ओरडला.

"मीठ नाय," भिवा म्हणाला. "जराही नाय. आणि गोड लागते रं. उसाचा चिपाड चघलल्यावानी. मागून जरा तुरट."

खारी जमीन एक दिवस गोडी होईल, हे काळुराम मरेस्तोवर बोलत होता. तीन पिढ्यांनी पाणी कोंडलं आणि सोडलं ते याचसाठी. भिवाला वाटलं, बापाचे कष्ट फळाला आले. त्याने मूठभर चिखल घेतला, बांधावर चढला आणि देवळातला प्रसाद वाटावा तसा वाटला. चाळीस घरांच्या चाळीस जिभांवर. "चाखा! गिला!" बायाबापड्यांनी डोळे मिटून गिळला. आवडाबाईनेसुद्धा. त्या दिवशी ती थुका म्हणाली नाही.

आणि भिवा तिथेच थांबला नाही. ओढ्याचं पाणी माती गोडी करतं, असा त्याने हिशेब बांधला. खाजणातल्या माणसाने दुसरा कुठला बांधावा? मीठ पाण्यानेच धुतात. त्याने गावाला कामाला लावून ओढ्याचा काठ फोडला, पाट काढला आणि तो पिवळा ओढा सबंध खाजणावर फिरवला. वरच्या कोपऱ्यापासून खालच्या उघाडीपर्यंत. आठ दिवस गाव खणत होतं, आणि गाणी म्हणत खणत होतं.

त्या वर्षी भात उभं राहिलं, पण ठेंगणं. लोक म्हणाले, जमीन बदलते आहे, वेळ लागेल. चौपन्न साली पात्यांचे शेंडे पिवळे पडले आणि झोडणीला निम्म्या लोंब्या पोकळ निघाल्या. वारवलं तर भुसा उडाला आणि सुपात चार दाणे राहिले. तेवढे दाणेही लोकांनी खाल्लेच. चिंबोऱ्या कधी गेल्या ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. जाणाऱ्या गोष्टी सांगून जात नाहीत. एक दिवस बायका बिळांत हात घालून रिकाम्या परत आल्या एवढंच. महिपतची म्हैस आंधळी झाली. दात कराकरा खायची, भिंतीला डोकं लावून उभी राहायची. तीन दिवसांनी मेली. कुणी म्हणालं, नजर लागली.

आवडाबाईच्या पोटात कळा येऊ लागल्या. पंचावन्नच्या वैशाखात भिवा तिला घेऊन कल्याणला डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर म्हातारे होते, कमी बोलणारे. त्यांनी आवडाबाईचा ओठ बोटाने खाली ओढला आणि बघत राहिले. मग भिवाला म्हणाले, "तू तोंड उघड."

भिवाने उघडलं. डॉक्टरांनी आरसा समोर धरला. दातांच्या मुळाशी, हिरडीवर, निळी रेघ होती. पेनाने ओढल्यासारखी.

"छापखान्यात आहेस का? खिळे जुळवतोस?"

"मी? मी भात लावतो जी."

"ही रेघ मी छापखान्यातल्या माणसांच्या तोंडात बघतो. शिशाचे खिळे दिवसभर हाताळतात, त्याच हाताने जेवतात. शिसं अंगात जातं. तुझ्या तोंडात शिसं कुठून आलं?"

डॉक्टरांनी विचारलं, गावात कारखाना आहे का? कसला? पिवळा रंग म्हटल्यावर ते खुर्चीत मागे टेकले. "तो रंग शिशापासून करतात. शिशाचं एक मीठ असतं, पाण्यात विरघळतं. तोंडात घातलं तर गोड लागतं. आणि मागून..."

"तुरट," भिवा म्हणाला.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुला कसं ठाऊक?"

बाहेर येऊन भिवा पायरीवर बसला. आवडाबाई म्हणाली, "चला ना." तो उठेना. परत आत गेला आणि विचारलं, "डॉक्टर, किती पान्यां कोंडून सोडली तर ह्या निघंल मातीतून?"

"मीठ निघतं तसं हे निघत नाही. मातीला धरून बसतं. तुझ्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत."

नवराबायको घराकडे निघाली. भिवाला राहून राहून एकच दिसत होतं: चाळीस जिभा, आणि त्यांवर आपला हात.

आर्द्रा आल्या. आता काय करायचं ते भिवाला कळत होतं, पण धीर होत नव्हता. खरं बोललं तर बापाची जीभ खोटी पडणार, आणि गावाच्या तोंडचं वर्षाचं भात जाणार. गप्प बसलं तर गाव पुन्हा तेच खाणार. त्यात गावाने या खेपेला घाई केली. दोन सालं भिवाने पहिल्याच चिमटीला होकार दिला होता, तेव्हा विचारायचं काय, म्हणून बायकांनी आधीच बियाणं भिजत घातलं. भिवा बांधावर पोचला तेव्हा टोपल्या रांगेने मांडलेल्या. मोड आलेलं भात, वर ओलं फडकं. उद्यापर्यंत फेकलं नाही तर सगळं नासणार.

बांधावर दोन टोप्यासुद्धा होत्या. एक तलाठी विठ्ठलराव, आणि दुसरे कारखान्याचे त्र्यंबकराव, छत्री घेतलेले, धोतराचा सोगा चिखलातून वर धरलेले. महिपतने म्हैस मेल्याचा अर्ज केला होता, त्याची ही चौकशी.

"भात गेलं ते मिठाने," त्र्यंबकराव तलाठ्याला समजावत होते. "या लोकांचा बांध गळका. खाडीचं पाणी आत येतं. कारखान्याचं पाणी अगदी निर्धोक आहे, तसा कागदच आहे माझ्याकडे. लिहा तुम्ही, क्षार."

तलाठी लिहू लागला. लिहायला त्याला वेळ लागत नसे. विचारायला लागायचा, म्हणून तो विचारत नसे.

भिवा शेतात उतरला. त्याने माती काढली. तीच काळी, मऊ, लोण्यासारखी माती. दिसायला अशी देखणी, की कुणाही कुळंब्याच्या हातांना खाज सुटावी. पहिल्यांदा बापाने याच कोपऱ्यात त्याच्या जिभेवर चिमूट ठेवली होती. तेव्हा ती इतकी खारट होती की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बाप हसला होता. ते हसू भिवाला आत्ता ऐकू आलं. चिमूट जिभेवर गेली. गोड. मग तुरट.

भिवा थुंकला.

पचकन. सगळ्यांच्या देखत. मग पाण्याने चूळ भरली आणि पुन्हा थुंकला.

पंचवीस वर्षांत, आणि त्याआधी काळुरामाच्या पन्नास वर्षांत, हे कुणी पाहिलं नव्हतं. एका म्हातारीने डोक्यावरचा पदर तोंडात कोंबला.

"भिवादा," महिपत हळू म्हणाला, "मीठ हाय काय?"

"मीठ असता तर नाचलो असतो रं." भिवा बांधावर चढला. हिरडी दाखवायला त्याने ओठ खाली ओढला. "ह्यात शिसा हाय. कारखान्याचा. माझ्या तोंडात हाय, आवडीच्या हाय, तुमच्या समद्यांच्या. मीच भरवला. दोन सालां मी तुमाला चूक सांगितला. माझ्या बापाची जीभ मिठापुरती खरी. ह्या जहराची तिला वलख नव्हती, आणि मी गोड म्हनून वाटत सुटलो."

"काय बोलतो आहे हा?" त्र्यंबकराव तलाठ्याकडे बघून हसले. "अडाणी माणूस. शिसं म्हणे! मीठ आहे ते, मीठ."

भिवाने मूठ पुढे केली. बोटांमधून चिखल गळत होता. "मग चाखा, राव. मीठच हाय ना? मीठ तर तुमी रोज खाताव."

त्र्यंबकराव एक पाऊल मागे सरले. "माझा आज उपास आहे."

"मातीला उपास लागत नाय, राव!" मागून महिपत ओरडला. "शेंगदान्याच्या आमटीबरोबर खावा!"

लोक हसले. पण ते हसू लगेच विझलं, कारण त्र्यंबकरावांनी चिखलाची नुसती बोटं लागतील म्हणून हात पाठीमागे नेले, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. त्या माणसाला सगळं ठाऊक होतं. आम्ही दोन वर्षं खाल्लं ते काय आहे, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, असं प्रत्येकाच्या मनात एकदम आलं. महिपतने तलाठ्याला म्हटलं, "आता तरी लिवा, राव." तलाठ्याने लिहिलेल्या ओळीकडे पाहिलं, दौतीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "कागदाशिवाय मला बदलता येत नाही." दोघे छत्रीखालून निघून गेले. कारखाना चालूच राहिला. अशी दुष्ट माणसं चिखलात घसरून पडतात ती फक्त कीर्तनात.

गाव मात्र भिवाभोवती जमलं, आणि आता हसत नव्हतं.

"म्हंजे पेरायचा नाय?" महिपत म्हणाला. "बी भिजलाय, भिवादा. वरीस काय खायाचा?"

"मिठागरावर जाऊ. ठाण्याला जाऊ. मोड बैलांना घाला."

"आनि पुढल्या साली?"

"पुढल्या सालीही नाय. कधीच नाय. ह्या निघत नाय धुतल्यानं."

"तू सांगतस तवर नाय पेरनार," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "तू मेल्यावर?"

प्रश्न खरा होता. माती तर दिसायला सोन्यासारखी. भुकेला माणूस अशी माती किती वर्षं नुसती बघत बसेल? आज ना उद्या कुणीतरी रात्रीच्या पोटातल्या आगीने ऐकलेलं विसरेल आणि मूठभर भात फेकेल.

तो उघाडीकडे चालू लागला. अमावास्येचं उधाण होतं. बांधाच्या बाहेर खाडी तटतटून फुगलेली, फळ्यांच्या फटींतून पाण्याची कारंजी उडत होती. फळीला हात घालायचा मान भिवाच्या घराचा, आणि तोही ओहोटीलाच. भरतीला उघाडी उघडली, असा माणूस नांदखारात जन्माला आला नव्हता. आईच्या छातीवर पाय द्यावा तसं ते पाप.

"भिवादा, नको!" महिपत धावला. "बापजाद्यांनी राखलीय!"

"म्हनून मीच काढतो. खाऱ्यात कुनी पेरनार नाय. तुमी हात लावू नका."

पहिली फळी निघाली. मग दुसरी. पाणी आधी शीळ घालत आलं, मग गर्जत आलं. शंभर वर्षं बाहेर उभा असलेला समुद्र घरात शिरला. चिखलावर पसरला, पाटातून उलटा चढला, ओढ्याच्या पिवळ्या पाण्याला भिडला. बायका रडू लागल्या. महिपत आपल्या टोपलीपाशी मटकन बसला आणि ओल्या भातात दोन्ही हात घालून तसाच राहिला. आवडाबाई रडली नाही. तिने खाली वाकून शेवटची फळी नवऱ्याबरोबर ओढली.

भिवाने उगाच, सवयीने, त्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. कडकडीत खारट, लहानपणच्यासारखं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

सरकारी कागदावर ती जमीन "खाऱ्या पाण्याने पडीक" म्हणून लागली. वाचणाऱ्याला वाटावं, नांदखारच्या आळशांनी बांध सोडून दिला. दोनतीन वर्षांत तिथे तिवरांचं रान माजलं, निवट्या आल्या, चिंबोऱ्याही आल्या, मोठ्या, लालभडक नांग्यांच्या. आवडाबाईने गावातल्या प्रत्येक सुनेला शपथ घातली की त्यांना हात लावायचा नाही. भिवा बांधाच्या मोडक्या तुकड्यावर बसून त्या चिंबोऱ्यांकडे तासन् तास बघत बसे.

पण हे पुढचं. त्या दिवशी उधाण उतरल्यावर नवराबायको घरी आली. कणगीत पिवळा ओढा खाजणावर फिरवण्याआधीचे, त्रेपन्नच्या मागल्या सालचे, तांबडे तांदूळ तळाशी पायलीभर उरले होते. बियाण्याच्या हौसेने राखलेले. आवडाबाईने ते सगळे काढले. चूल पेटवली, सुक्या बोंबलांचं आंबट केलं. भिवा भिंतीला टेकून बसला होता. उद्यापासून गावाला त्याला काही विचारायचं नव्हतं.

आवडाबाईने आंबट ढवळलं. मग लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा तिने डाव चुलीवरून उचलला, फुंकर मारली आणि त्याच्यापुढे धरला.

"मीठ बघा."

भिवाने चाखलं. डोळे मिटले.

"जरा कमी हाय," तो म्हणाला.